प्रवासाचे खाडे: रत्नागिरीतल्या एका घराचा गाडीचा हिशेब

नाचणे रस्त्यावरचा ब्लॉक, माणसं चार. यजमान जयस्तंभाजवळच्या एका सरकारी कचेरीत, आणि घरातली एकुलती एक स्कूटर त्यांच्याकडे. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा हातखंबा-पालीच्या टापूत, महामार्गाला लागून, त्यामुळे लांजा, राजापूर, कोल्हापूर अशा बऱ्याच एसट्या चालतात. मुलगी अकरावीला, संध्याकाळी मारुती मंदिरजवळ क्लास. आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी. त्यांचा सगळा जीव पूर्णगडच्या अलीकडच्या वाडीतल्या घरात आणि हापूसच्या कलमांत अडकलेला. नावं देत नाही. रत्नागिरीत एवढ्या वर्णनावरूनही लोक माणूस ओळखतात.

इमारतीच्या पार्किंगमध्ये एकच जागा रिकामी होती, ती यांची. तिथे मुलं क्रिकेट खेळायची. ‘आपणही चारचाकी घेऊया का’ हा विषय दर दिवाळीला निघायचा आणि ‘आपलं काय अडतंय?’ या यजमानांच्या प्रश्नावर मिटायचा. त्या वर्षी मिटला नाही, म्हणून दोघांच्या ओळखीचा आणि आकडेमोडीची खोड असलेला माणूस या नात्याने मी कागद घेऊन बसलो.

गाडीची बाजू आधी मांडली, कारण ती सोपी. छोटी पेट्रोल गाडी, शोरूमची किंमत सहा लाख धरली. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी कर, म्हणजे ६६ हजार. विमा, नोंदणी, किरकोळ सामान धरून गाडी रस्त्यावर यायला सात लाख. दोन लाख हातचे, पाच लाख कर्ज. ९ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज घेतलं तर हप्ता १०,३८० च्या आसपास बसतो आणि पाच वर्षांत व्याज जातं सव्वा लाखाला थोडं कमी.

पण हप्ता म्हणजे खर्च नव्हे. घराघरांत इथेच गफलत होते. हप्ता संपला की गाडी ‘फुकट’ झाली असं लोक समजतात. खरा खर्च असा: पाच वर्षांनी गाडी साडेतीन लाखांना गेली तर वर्षाला ७० हजारांची घट. कर्जाचं व्याज वर्षाला सरासरी साडेचोवीस हजार. हातच्या दोन लाखांवर बँकेत मिळालं असतं ते व्याज १४ हजार. विमा १५, सर्व्हिसिंग आणि टायर १० हजार. बेरीज १,३३,५००. दिवसाला ३६५ रुपये, तेही किल्ली न फिरवता. पेट्रोल वेगळं.

दुसऱ्या बाजूला त्या वेळचा चालू खर्च: स्कूटरचं पेट्रोल, बाईंचा एसटी प्रवास, अधूनमधून रिक्षा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, त्यामुळे बाईंचा रोजचा खर्च जवळजवळ जाणवेनासा झाला होता. पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफतच, त्यामुळे आजींचा खर्च शून्य. सगळं मिळून महिन्याला साडेतीन हजारांच्या आत. यजमानांनी कागद बघितला आणि म्हणाले, “झालं की मग. विषय संपला.”

बाई काही बोलल्या नाहीत. आतून कालनिर्णय घेऊन आल्या.

भिंतीवरच्या त्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडलेले असतात तसे त्यांनी जूनपासून प्रवासाचे खाडे मांडले होते. दुधाच्या फुलीशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘ना’. ‘ना’ म्हणजे जायचं होतं, गेलो नाही. शेजारी दोन-तीन शब्दांत कोण आणि कुठे. माझ्या कागदावर झालेल्या प्रवासाचा खर्च होता. न झालेल्या प्रवासाला रकानाच नव्हता. एसटी-रिक्षावर चालणारं घर कागदावर स्वस्त दिसतं, त्याचं अर्धं कारण या ‘ना’मध्ये असतं. जो प्रवास झालाच नाही त्याचं तिकीट कोण लावणार?

काय होतं त्यात? आजींच्या बहिणीकडे मिऱ्याला जायचं राहिलं, एकदा नाही, परत परत. सावरकर नाट्यगृहातलं नाटक, कारण प्रयोग सुटल्यावर चौघांना रिक्षा कुठे शोधायची. देवरुखला मुलीची वक्तृत्व स्पर्धा, परतीच्या गाडीची खात्री नाही म्हणून नाव मागे घेतलं. जुलैत क्लासला दांड्या. लांज्याच्या पलीकडच्या एका गावात बाराव्याला जायचं होतं, तिथे फक्त फोन केला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडची आजींची तपासणी पुढे ढकलली, मग आणखी पुढे.

आणि यजमानांच्या नावाचा एकही खाडा नव्हता. स्कूटर ज्याच्या बुडाखाली असते त्याचं काही अडत नाही. ‘आपलं काय अडतंय’ हा प्रश्न घरात नेमका तोच माणूस विचारत होता. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं. ते हसले, पण कॅलेंडर मागे जूनपर्यंत उलटत गेले.

आजींची पहिली पायरी

आजींच्या खाड्यांमागचं कारण आम्ही सगळे चुकीचं धरत होतो. वाटायचं, गाडीची वेळ जमत नसेल. पूर्णगडच्या बाजूला एसटी जाते, तिकीट नाही, भाट्याच्या पुलावरून वारा खात जायचं, मग अडचण काय? अडचण एसटीच्या दाराशी होती. लाल गाडीची पहिली पायरी उंच. गाडी फलाटाला नीट न लागता पुढे-मागे थांबली की ती आणखी उंच होते. गुडघे धड असताना लक्षात येत नाही. आजी एका हाताने दांडा धरायच्या, दुसरा हात वर कुणीतरी धरायचं आणि मागून कुणीतरी टेकू द्यायचं. कंडक्टर चांगला असला तर थांबायचा. पण मागे माणसं खोळंबलेली, सगळ्यांदेखत असं चढवून घेणं त्यांना नको वाटू लागलं होतं. त्या ते कधी बोलल्या नाहीत. ‘आज नको, ऊन आहे’ एवढंच.

मग चारचाकी हा इलाज होता का? आम्ही एका नातेवाइकाची छोटी गाडी आणून बघितली. बसताना बरं वाटलं, उतरताना पंचाईत. सीट खाली, गुडघे दुमडलेले, धरायला काही नाही. रिक्षाचं उलट: सीट खुर्चीच्या उंचीची, समोर आडवा दांडा, पाय टाकायला जागा मोकळी. आजींना सगळ्यांत सोयीचं वाहन रिक्षा निघालं. आणि वाडीचं म्हणाल, तर त्यांनीच एका वाक्यात निकाल दिला: “गाडी काय पाखाडी उतरून खळ्यात येनार हाय?” घर रस्त्याच्या खाली. जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरल्याशिवाय अंगण नाही. एसटी जिथे सोडते त्याच वळणावर लाखांची गाडीही सोडणार. कोकणातल्या कितीतरी वाड्यांची हीच कथा, पण गाडीच्या जाहिरातीत नेहमी अंगणापर्यंत सपाट रस्ता दाखवतात.

मुंबईचा मुद्दा यजमानांनी काढला तो दोन मिनिटांत निकालात निघाला. महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे आणि अजून पुरं व्हायचं आहे. त्या रस्त्यावर स्वतः गाडी हाकत जायची हौस या घरात कुणाला नव्हती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा अशी गाड्या वाहून नेणारी सेवा काढली, एका गाडीला ७,८७५ रुपये. ती त्यांच्या कामाची नव्हती. मुंबईला रेल्वेच. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेवढं सांभाळलं की झालं. गणपतीत ते कुणालाच सांभाळता येत नाही, ते सोडा.

डबा

पहिल्या फेरीत निर्णय असा झाला: गाडी नको, पण खाडे बुजवायचे. दर महिन्याला चार हजार रुपये वेगळ्या डब्यात. हे पैसे रिक्षा आणि भाड्याच्या गाडीसाठीच. किराणा कमी पडला तरी हात लावायचा नाही, आणि महिनाअखेर उरले म्हणून परत पासबुकात टाकायचे नाहीत. ही शेवटची अट बाईंची, आणि सगळ्यात शहाणपणाची. कारण दहा हजारांचा हप्ता मुकाट भरणारा माणूस तीनशे रुपयांच्या स्पेशल रिक्षेला मात्र दहादा विचार करतो. हप्ता खात्यातून आपोआप जातो; रिक्षावाल्याला नोटा मोजून द्याव्या लागतात.

नाक्यावरच्या एका रिक्षावाल्याशी बोलणं केलं. क्लासवरून मुलीला आणायचं, आठवड्यातून एकदा आजी म्हणतील तिथे. कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तेव्हा आंबा घाटातून चालकासह गाडी, दिवसाचे साधारण चार हजार. वर्षातून तीन-चारदा लागली तरी उभ्या गाडीच्या सव्वा लाखापुढे काहीच नाही. नाटकालाही गेले. रिक्षावाला प्रयोग सुटायच्या वेळी दारात उभा, वर “कसं झालं नाटक?” ही विचारपूस.

खाडे कमी झाले. संपले नाहीत. उरले ते ठरावीक प्रकारचे: पावसाळ्यातली रात्र, आणि गणपतीचे दिवस. जुलैत रात्री नऊनंतर धो-धो पाऊस, वीज गेलेली, त्या वेळी नाक्यावर रिक्षा नसते आणि असली तरी त्या माणसालाही घर आहे. गणपतीत भाड्याच्या सगळ्या गाड्या आधीच लागलेल्या, रिक्षा चाकरमान्यांच्या मागे स्टेशनवर. पैसे हातात असून वाहन नाही. हे डब्याला सुटणारं नव्हतं, आणि तेवढ्यासाठी सात लाख घालावेत असं बाईंनाही वाटलं नाही.

बाईंच्या मनात एक जुनी धास्ती होती, तिचाही विचार झाला. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि पूर्ण वाहतूक रुळावर यायला २०२२ चा एप्रिल उजाडला. ते महिने बाईंनी वडापने, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी जीपने काढले: आत दहाजणी, मांडीवर दप्तर, भाडं त्याच्या मनाचं. पण त्या काळातही शाळेला खाडा झाला नव्हता, कारण शाळा महामार्गावर. वाहन वाईट मिळालं, पण मिळालं. हे वाक्य पुढे उपयोगी पडलं.

बदली

पुढच्या बदल्यांत बाईंना जयगडच्या बाजूची शाळा मिळाली. निवळी फाट्यावरून आत, जयगड रस्त्याने बरंच पुढे, आणि तिथून मुख्य रस्ता सोडून वाडीत. घरापासून जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. वाडीत एसटी येते ती वस्तीची: संध्याकाळी उशिरा येऊन मुक्काम करते आणि पहाटे शहराकडे निघते. वाडीतल्या माणसाने शहरात कामाला जावं आणि रात्री परतावं यासाठी ते वेळापत्रक अगदी बरोबर आहे. शहरातल्या माणसाने वाडीत नोकरीला जायचं असेल तर नेमकं उलटं. बाई सकाळी निघणार तेव्हा एसटी शहराकडे येत असणार. निम्म्या तिकिटाचा उपयोग कधी, तर गाडी आपल्या दिशेची असेल तेव्हा.

वाडीच्या फाट्यापर्यंत एसटी आणि पुढे चालत, हा प्रयोग पावसाआधी करून बघितला. फाट्यावर उतरून वाट बघण्यातच दिवसाचे दोन तास जात. स्कूटरवर ऐंशी किलोमीटर कोकणच्या पावसात, हे घरात कुणालाच पटलं नाही. तिकडे खोली घेऊन राहायचं तर आजींकडे आणि मुलीकडे कोण बघणार? पहिला कागद फाडून दुसरा घेतला.

आता उभ्या गाडीचा प्रश्नच उरला नव्हता. शाळेचे २२० दिवस धरले तर वर्षाला १७,६०० किलोमीटर. लिटरला अठरा किलोमीटर आणि १०५ रुपये भाव धरून पेट्रोलच एक लाख दोन-तीन हजार. एकटीने सोसायचं म्हटलं तर पगाराला भोक. पण त्या बाजूच्या शाळांत रत्नागिरीतून जाणाऱ्या आणखी तिघी होत्या. चौघींची एक गाडी, हा कोकणातल्या शिक्षकांचा जुनाच मार्ग आहे. सरकारी एसटी जिथे पोचत नाही तिथे अशा पाच माणसांच्या खासगी ‘एसट्या’ रोज धावतात, कुठल्याही वेळापत्रकात त्यांची नोंद नसते.

गाडी जुनी घ्यायची ठरलं, सव्वातीन लाखांपर्यंत. इथे मी थोडा रेंगाळतो, कारण किनाऱ्यावर जुनी गाडी बघणं हे वेगळं काम आहे. पहिली गाडी चकचकीत, आत सुगंधी फवारा मारलेला. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलंच नाही. मागच्या सीटवर बसला आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागावर तांबूस आडवी रेघ होती, वर पट्टा काळा, खाली मातकट. गाडी पाण्यात बुडालेली. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या अशा बुडाल्या. धुऊन-पुसून बाजारात आलेल्या गाडीचं सगळं बदलता येतं, पण गुंडाळलेल्या पट्ट्याचं शेवटचं टोक धुवायचं राहून जातं. ही नेमकी त्याच पुरातली की दुसरीकडची, ते कळायला मार्ग नव्हता, आणि कळून उपयोगही नव्हता.

दुसरी गाडी समुद्रालगतच्या घराची. पत्रा बाहेरून छान. पायाखालची चटई उचलून सतरंजी बाजूला केली तर खालच्या पत्र्याला पापुद्रे सुटलेले, दाराच्या खालच्या कडेला बोट फिरवलं की गंज हाताला. खारी हवा वरून दिसत नाही, खालून खाते. तिसरी गाडी लांज्याकडची, वापर जास्त पण अंग कोरडं, सर्व्हिसची नोंद सलग. ती घेतली आणि पावसाआधी खालून गंजरोधक लेप मारून घेतला.

विम्यात एक जोड न विसरता घेतली: इंजिनाच्या संरक्षणाची. पाण्यात बंद पडलेली गाडी घाबरून पुन्हा सुरू केली की पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि इंजिन जातं. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा नाकारतात. बंद पडली की किल्ली काढायची आणि ढकलायची, हे चौघींना सांगून ठेवलं.

पैशांची वाटणी करताना एक अडचण आली. माणशी भाडं ठरवलं असतं तर हिशेब सोपा होता, पण पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीत भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, आणि अपघात झाला तर त्याच मुद्द्यावर विम्याचा दावा अडकू शकतो. म्हणून भाडं नाही. तिघी आळीपाळीने पंपावर टाकी भरतात, गाडी बाईंची. वर्षाला तिघींना माणशी साधारण ३४ हजार खर्च येतो. बाईंच्या बाजूला घट साडेसदतीस हजार, अडकलेल्या पैशांवरचं व्याज पावणेतेवीस, विमा नऊ, दुरुस्ती-टायर पंचवीस: एकूण ९४ हजारांच्या आसपास. माझ्या मते वाटणी बाईंना महाग पडते. झीज त्यांची, जबाबदारी त्यांची, पहाटे पंक्चर निघालं तर धावपळही त्यांची. त्यांचं म्हणणं वेगळं: शनिवार-रविवार आणि सुट्टीत गाडी घरची, शिवाय एकटीने त्या रस्त्याला सतरा-अठरा हजार किलोमीटर कोण करणार. हा मुद्दा मला आकड्यात बसवता आला नाही, तरी खोडताही आला नाही.

गंमत अशी की घरात गाडी आल्यावर शहरातला प्रवास फारसा बदललेला नाही. राम आळीत खरेदीला गाडी नेऊन लावायची कुठे? तिथे अजून रिक्षा. आजी अजून रिक्षा. यजमान अजून स्कूटर. त्यांनी गाडी शिकून घेतली आहे, पण गणपतीत वाडीला जाण्यापलीकडे हात लावत नाहीत. पाखाडीच्या वरच्या वळणावर ती चार-पाच दिवस उभी राहिली, तेवढ्यात उंदरांनी वायरी कुरतडल्या. पुढच्या वेळेपासून बॉनेट उघडं ठेवून लावतात, आत अंधार-ऊब नसली की उंदीर कमी जातात असं वाडीतले सांगतात.

डबा मात्र बंद केला नाही. रक्कम चारवरून दोन हजारांवर आणली. कॅलेंडरवरचे ‘ना’ अजूनही पडतात, पण आता त्यात पावसाळ्यातली रात्र नसते. मुलीचे खाडे जवळजवळ गेले. आजींचे मिऱ्याचे काही आहेत, त्यातले निम्मे बहिणीशी झालेल्या भांडणाचे, त्यावर कुठल्याच वाहनाचा इलाज नाही.

आता प्रश्न पुढच्या बदल्यांचा. चौघींपैकी एकीचं शहराजवळ येण्याचं चिन्ह आहे. ती गेली की उरलेल्या दोघींच्या वाट्याला टाकी जास्त वेळा येईल, वर्षाला माणशी एक्कावन्न हजार. त्या तयार होतील की खोली बघतील, हे ठरायचं आहे. बाईंची स्वतःची बदली पुन्हा महामार्गावर झाली तर गाडी त्याच महिन्यात विकायची, असं त्यांनी आत्ताच सांगून ठेवलं आहे. यजमान म्हणतात, “घेतलेली गाडी कुणी विकतं का?” त्यावर दोघांचं अजून एकमत नाही.